तिच्याच पैशांची ओवाळणी

माझी बायको भादव्यात गेली. कावीळ झाली होती. दिवाळी दीड महिन्यावर होती. ज्यांचं माणूस नुकतंच गेलं आहे आणि सण तोंडावर आला आहे, अशा बाया-माणसांसाठी मी हे लिहितो आहे. मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिणं माझं काम नव्हे, वजन उचलणं माझं काम. पण ही गोष्ट मी आजपर्यंत ज्याला ज्याला सांगितली त्याला अर्धीच सांगितली, आणि अर्धी सांगितली की मी त्यात बरा माणूस दिसतो. मी तितका बरा नव्हतो. आता वय झालं. पुरी सांगून टाकतो.

तेव्हा भिलाईत कारखाना वाढवायचं काम चाललं होतं. पहिल्या भट्ट्या पेटल्या होत्या, पुढच्यांचे सांगाडे उभे राहत होते. मी एका ठेकेदाराच्या गँगमध्ये खलाशी होतो. लोखंडी गर्डर तारेच्या दोरानं वर चढवायचा आणि जागेवर बसवायचा, हे खलाशाचं काम. खुर्सीपारला टिनाच्या झोपड्यांची एक ओळ होती, तिथं आम्ही भंडाऱ्याकडून आलेली सात-आठ बिऱ्हाडं राहायचो. गावाकडे धानाची शेती, तीही भावांत वाटून पाटीएवढी उरलेली. म्हणून सगळे इकडे.

शेजारच्या झोपडीतला माणूस माझ्याच गँगमध्ये होता. आषाढात तो वरून पडला आणि गेला. दोर माझ्या हातात नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. ते पाप माझं नाही. माझं दुसरं आहे.

त्याची बायको बावीस-तेवीस वर्षांची, कडेवर लेकरू. तिचं माहेर माझ्या गावापासून कोसभर, म्हणून ती मला भाऊ म्हणायची. नवरा गेल्यावर तेरा दिवस माझी बायको तिच्या झोपडीत झोपायला गेली. तिचं लेकरू आमच्याच घरी असायचं. ठेकेदारानं भरपाईचे काही पैसे दिले. अंगठा लावायला तिच्यासोबत मीच गेलो. मग गावाहून दीर आला आणि क्रियाकर्माला खर्च झाला, पुढे वर्षश्राद्ध आहे, असं म्हणून मोठा वाटा घेऊन गेला. उरले ते मी तिला पोस्टात टाकायला लावले. पोस्टाच्या पायऱ्या उतरताना मी तिला शहाणपणही शिकवलं.

"हे पैसे कोणाले देऊ नोको बाई. दिराले नाही, मावशीले नाही. कोणी मांगतले तं सांगजो, साहेबानं खातं बंद करून ठेवलं हाय."

"आन् तुम्ही मांगतले तं?"

"मले तं सगळ्यात आधी नाही म्हणजो."

ती हसली. नवरा गेल्यानंतर मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. मलाही बरं वाटलं. आपण कोणाचं तरी भलं करून राहिलो असं वाटलं.

दोन महिन्यांनी माझीच बायको गेली. मग दोन्ही झोपड्यांत सारखाच अंधार झाला. माझी मुलगी सहा वर्षांची. तिची वेणी घालायला मला येत नव्हती. भात करायला येत होता, पण किती तांदूळ टाकायचे ते कळत नव्हतं. कधी उरायचा, कधी पुरायचा नाही. घरात तेल किती लागतं, साखर कोणत्या भावानं येते, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. पगार मी बायकोच्या हातात द्यायचो आणि मोकळा व्हायचो. दिवाळीचं सामान ती पोळ्यापासून थोडं थोडं जमवायची. एका आठवड्याला पावभर साखर, एका आठवड्याला चण्याची डाळ. मला वाटायचं दिवाळी आपोआप होते. करंज्या लाटताना हाताला पीठ असायचं, म्हणून ती कपाळावरचे केस मनगटानं मागे सारायची. एवढंच मी पाहिलं होतं. खर्च मी पाहिला नव्हता.

दसरा झाला तशी ओळीतली माणसं येऊन सांगू लागली. आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात त्या वर्षी फराळाची कढई चढत नाही. शेजारचे आणून देतात. आमच्या गँगचा मुकादम वयानं मोठा माणूस. तो म्हणाला, "यंदा तुह्या घरी आमच्याकडून डबे येतील गा. तू फक्त पोट्टीले घेऊन जेवाले येजो."

मी म्हणालो, "पाहू."

मनात मात्र वाईट वाटलं. मला ती भीक वाटली. जी गोष्ट आपण दुसऱ्याच्या घरी दहा वेळा केली, तीच आपल्या घरी आली तेव्हा मला ती भीक वाटली. बायको गेलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं, ते यावरून समजा.

त्यातच सासूचं पत्र आलं. सासू आणि मेहुणा भाऊबीजेच्या आदल्या दिवशी येणार होते. गँगमध्ये मी बोललो, तर एक जण दात काढून म्हणाला, "पोट्टीले न्याले येऊन राहिली असंल तुही सासू. पाह्यजो, जवाई सांभाळते का उपाशी मारते, ते पाह्यले येते ते." बाकीचे हसले. त्याला काही ठाऊक नव्हतं, बोलायचं म्हणून बोलला. पण ते माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. सासू आली की घर भरलेलं दिसलं पाहिजे. पोरीच्या अंगावर नवा झगा पाहिजे. डब्यात फराळ पाहिजे, तोही आपला, लोकाचा नाही. हे मी ठरवलं. पैसे नव्हते. बायकोच्या दवाखान्यात होते ते गेले होते.

आता शेजारणीचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिची आहे.

तिला हातानं बरं शिवता यायचं. भिलाईतल्याच पॉवर हाऊस नावाच्या भागातल्या बाजारात एक शिंपी पायाची मशीन घेणार होता, म्हणून आपली जुनी हाताची मशीन विकायला काढत होता. एकशे साठ रुपयांना. दिवाळीनंतर तिचा दीर तिला गावी न्यायला येणार होता. गावी नेऊन काय करणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेण-गोठा, धानाची रोवणी, आणि रात्री जावेची बोलणी. तिनं दिराला सांगून ठेवलं होतं, "मी इथंच राह्यते. मशीन घेते, शिवते, खाते." दीर म्हणाला होता, "मशीन दिसली तं राह्यजो." म्हणजे मशीन असली तर भिलाई, नसली तर दिराचा गोठा. त्या मशीनवर तिचं सगळं होतं.

शिंपी पंजाबी होता. तिच्याकडून बयाणा न घेताच तो म्हणाला होता, "धनतेरस तक रखूंगा बहन, उसके बाद मेरे को भी त्योहार करना है."

धनतेरसेला दहा-बारा दिवस होते तेव्हा मी तिच्यासोबत पोस्टात गेलो आणि तिचे पैसे काढून दिले. त्या दिवशी शिंप्याचं दुकान बंद होतं. तिनं नोटा पदरात बांधल्या आणि आम्ही परत आलो. त्या गाठीकडे मी रस्ताभर पाहत होतो. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर मी तिला गाठलं.

"बाई, आठ-दहा दिवसासाठी शंभर पाह्यजे होते."

ती हंडा भरत होती. तिनं मान वर केली नाही. "कावून?"

"सासू येऊन राहिली. पोट्टीच्या अंगावर धड झगा नाही. डबे रिकामे."

"डबे तं आम्ही भरूनच राहिलो ना भाऊ. कापड आणून द्या, झगा मी हातानं शिवून देते."

"लोकाच्या फराळावर सासूले बसवू का?"

"मशीनचे हायेत ते पैसे."

"ठाऊक हाय मले. मीच काढून देल्ले ना? धनतेरसेले सकाळी आमचा पंधरवड्याचा पगार होते. तुह्या हातात आणून देतो. नाही देल्ले तं भर चौकात जोडा मारजो."

हंडा भरून वाहू लागला होता. ती म्हणाली, "तुम्हीच म्हणलं ना, मले सगळ्यात आधी नाही म्हणजो."

"मंग म्हण ना नाही."

ती म्हणू शकली नाही. आणि तिला म्हणता येणार नाही, हे मला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला मी खांदा दिला होता. तिचं लेकरू माझ्या बायकोनं सांभाळलं होतं. असा उपकार केलेला माणूस मागायला उभा राहिला तर ती नाही कशी म्हणेल? केलेला उपकार मी त्या दिवशी नळावर वसूल केला. तिनं घरात जाऊन शंभर रुपये आणून दिले.

इथपर्यंत मी लोकांना सांगत आलो. पुढे सांगायचो, ठेकेदारानं धनतेरसेला पगार दिला नाही, म्हणून बिचारीची मशीन गेली. लोक ठेकेदाराला शिव्या द्यायचे आणि मीही द्यायचो.

ठेकेदारानं पगार दिला होता.

धनतेरसेच्या दिवशी सकाळी दिला, मागचा थकलेलाही दिला. तिच्या शंभरातले साठ घरखर्चात गेले होते, चाळीस माझ्याकडे तसेच होते. म्हणजे दुपारी पॉवर हाऊसच्या बाजारात शिरलो तेव्हा तिचे शंभर पुरे देऊन वर माझ्या खिशात काही उरलं असतं. शिंप्याचं दुकान वाटेतच होतं. मशीन पुढच्या फळीवर ठेवलेली, काळी, सोनेरी वेलबुट्टी घासून गेलेली. ती मी पाहिली. शिंप्यानंही मला पाहिलं आणि हात वर केला. मी पुढे गेलो.

पुढे हलवायाच्या दुकानी गर्दी होती. मी दोन किलो मिठाई तोलायला सांगितली. मग शेव, मग चिवडा. भाव विचारला नाही, कारण विचारून मला काय कळणार होतं? बायको जेवढ्यात महिन्याचा किराणा आणायची तेवढे तिथं गेले. मग सासूसाठी लुगडं घेतलं, चांगल्यातलं. मुलीला रेशमी झगा घेतला, तो गळ्याला टोचत होता. फटाके घेतले. लुगडं घेताना दुकानदार म्हणाला, "किसके लिए?" मी म्हणालो, "सास के लिए." तो म्हणाला, "वा, ऐसा दामाद सबको मिले." त्या एका वाक्यासाठी मी आणखी पाच रुपये महागाचं घेतलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ती दारात आली. मुलगी फटाके मोजत होती. मी पिशव्या टिनामागे सारल्या.

"झाला का भाऊ पगार?"

"नाही देल्ले वो बाई त्यानं. दिवाळी झाल्यावर देतो म्हणते."

तिनं मुलीच्या हातातल्या फटाक्यांकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, "बरं." आणि लेकरू कडेवर घेऊन तशीच पायी पॉवर हाऊसला गेली, शिंप्याला दोन दिवस थांबा म्हणायला. शिंपी एक दिवस थांबला. नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी मशीन विकली गेली.

पाडव्याच्या संध्याकाळी सासू आणि मेहुणा आले. सासूनं दारातच पोरीला छातीशी धरलं. मग आत येऊन सरळ चुलीपाशी बसली. जिथं तिची लेक बसायची तिथं. फडक्यानं चुलीभोवती पुसलं, पुन्हा पुसलं आणि रडत राहिली. मी मिठाईचा पुडा उघडून समोर ठेवला.

ती म्हणाली, "हे कावून आणलं? लेकीच्या वर्षात मी गोड खाते का?"

मला ते ठाऊक असायला पाहिजे होतं. कोणत्याही पोराला ठाऊक असतं. लेकीच्या दुखवट्यात असलेल्या आईपुढे मी दोन किलो मिठाई मांडून बसलो होतो. पोरीला न्यायचं तर तिच्या मनातसुद्धा नव्हतं. ती म्हणाली, "पोट्टी बापापाशीच राह्यली पाह्यजे. मी दोन महिने इथं राह्यते, तुम्हाले स्वयंपाक शिकवते." मुकादमाच्या घरून डबे आले होते. चकल्या, अनारसे, करंज्या. मेहुण्यानं ते खाल्ले. माझी मिठाई तशीच राहिली, तिला मुंग्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. शेजारीण सकाळी येऊन सासूला म्हणाली, "मावशी, दुखवटा दोन्ही घरी हाय. सण नाही करत. पण भाऊ इथं हाय तं नुसतं ओवाळून घेते. चालंल का?"

ओळीतली एक म्हातारी दारातून म्हणाली, "रांडमुंड बाईनं ओवाळावं का वो?"

सासू म्हणाली, "भावाले बहीण ओवाळते, कपाळ नाही ओवाळत. तू ये गं पोरी."

पाट मांडला. तिनं पितळेच्या ताटात निरांजन, सुपारी, थोडे तांदूळ आणले. मला टिळा लावला, ओवाळलं. सासू बाजूला बसली होती, मेहुणा बसला होता. मी खिशात हात घातला. रुपया-दोन रुपयेही चालले असते. पण सासू पाहत होती. मी दहाची नोट काढून ताटात ठेवली. मोठी ओवाळणी होती ती तेव्हा. मेहुण्यानं मान डोलावली.

ती नोट तिच्याच शंभरातली होती, की पगारातली, ते मला सांगता येत नाही. पण पैसा तिचाच होता.

तिनं ताट खाली ठेवलं. नोट उचलली, उलटीसुलटी केली. आणि अगदी साध्या आवाजात, ज्या आवाजात नळावर कोणाची पाळी आहे विचारतात त्या आवाजात, म्हणाली, "भाऊ, हे त्या शंभरातले समजू, का ओवाळणी?"

एवढ्यावर तरी मी खरं बोलायला पाहिजे होतं. मी सासूकडे पाहिलं आणि म्हणालो, "ओवाळणी."

"बरं," ती म्हणाली. नोट पदराला बांधली, ताट उचललं आणि गेली.

सासू मेहुण्याला म्हणाली, "जा रे, पोट्टीले घेऊन चक्कर मारून ये." ते गेल्यावर तिनं मला विचारलं, "कोणते शंभर?"

मी सांगितलं. तिला पुरं सांगितलं. पगार झाला होता हेही सांगितलं. तिच्यानंतर आज तुम्हालाच सांगतो आहे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माही लेक मेली जवाईबापू, तुमची अक्कल कावून मेली?"

मी म्हणालो, "तुम्ही पोट्टीले घेऊन जाल असं वाटलं."

"मंग मले लुगडं देऊन पोट्टी विकत घेत होते का?"

तिनं ते लुगडं घडी न मोडता परत पिशवीत घातलं. झगा धुतला नव्हता, तोही घातला. दुसऱ्या दिवशी मेहुण्याला घेऊन स्वतः दुकानात गेली. दुकानदारानं कुरकुर करत थोडे कमी करून पैसे परत दिले. मिठाईचे आणि फटाक्यांचे कोण देणार? जे आले ते तिनं शेजारणीच्या हातात दिले. मी मागे उभा होतो. बहुतेक साठ-पासष्ट होते. पण मशीन गेली होती. तशी दुसरी जुनी मशीन बाजारात नव्हती, आणि नवीचा भाव दुपटीच्या वर होता.

चार दिवसांनी दीर आला. "मशीन कुठं हाय?" त्यानं विचारलं. तिनं माझं नाव घेतलं नाही. म्हणाली, "नाही जमली." तो म्हणाला, "मंग चाल." ती नाही गेली. त्याच आठवड्यात ती ठेकेदाराकडे रेजा म्हणून लागली. रेजा म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन गिट्टी-सिमेंट वाहणारी बाई. लेकरू रेतीच्या ढिगाशी एका चादरीवर बसवायची. ज्या सांगाड्यावरून तिचा नवरा पडला होता त्याच सांगाड्याखालून ती दिवसभर ये-जा करायची. मी वर गर्डरवर असायचो. वरून तिचं फक्त घमेलं दिसायचं. मी खाली पाहणं सोडलं. जेवणाच्या सुट्टीत मुकादम एकदा म्हणाला, "ते पाह्य, तुही बहीण. कशी कामाची हाय." मी भाकरी तशीच बांधून ठेवली.

बाकीचे पैसे मी होळीपर्यंत फेडले. सासू होती, तिनं मला घर चालवायला शिकवलं. पगार आला की आधी तांदूळ, तेल, रॉकेल, मग शेजारणीचे पाच-दहा, मग माझी तंबाखू. हा क्रम तिनं लावून दिला. मला तो बायको जिवंत असतानाच शिकायला पाहिजे होता.

आता ज्यांच्यासाठी लिहितो आहे त्यांना सांगतो. मी कोणी मोठा नाही, पण एकदा पडलेला माणूस खड्डा कुठं आहे ते सांगू शकतो.

माणूस गेल्यावर हातात आलेला पैसा सणाचा नसतो. भरपाईचा असो, विम्याचा असो, सोनं मोडून आलेला असो. तो दिवाळीच्या आधी कोणाला देऊ नका, आणि कशात घालूही नका. कोणी मागायला आलं तर भांडू नका, तोंडावर नाही म्हणणं जमत नसेल तर म्हणूही नका. एवढंच म्हणा, "तुळशीचं लग्न झाल्यावर या." ज्याला खरी गरज आहे तो येईल, आणि तोवर तुमचंही डोकं ठिकाणावर आलेलं असेल. ज्याला मिरवायचं आहे तो येणार नाही. शेजारणीनं मला एवढं म्हटलं असतं तर मीच गेलो नसतो. आणि जो उपकार केलेला माणूस मागायला येतो त्याच्यापासून जास्त सावध राहा. उपकाराची फेड पैशानं करायची नसते. भाजी द्या, त्याचं लेकरू सांभाळा.

आपल्याकडे गरज असली तर ज्याच्या घरात नुकतंच माणूस गेलं आहे त्याच्या दारात मागायला जाऊ नका. तिथं हो म्हणणारं माणूस हो म्हणत नसतं, त्याला नाही म्हणायला बळ नसतं.

पुरुषांनो, साखरेचा भाव माहीत करून घ्या. बायकोनं डब्यात, उतरंडीत, देवामागे काय काय ठेवलं आहे, कोणाचं देणं आहे, कोणाकडे येणं आहे, ते सणाच्या आधी कोण्या मोठ्या बाईला सोबत बसवून पाहून घ्या. सासू असली तर सासूला. लाजू नका. मी लाजलो आणि हलवायाच्या दुकानी गेलो.

आणि शेजारचे डबे येतील ते घ्या. ती भीक नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या दारात तुम्ही तो डबा नेऊन ठेवणार आहात. लेकराला झगा साधा घ्या, पण त्याच्याजवळ बसा. माझ्या मुलीला त्या दिवाळीतलं एकच आठवतं. ती म्हणते, "बाबा, तुम्ही तेव्हा घरी असून घरी नव्हते." रेशमी झग्याचं तिला नावही आठवत नाही. दारात एक पणती लावा. रडू आलं तर रडा. चार दिवस असतात, जातात. बायको नसलेल्या कितीतरी दिवाळ्या मी काढल्या. पहिली सोडली तर एकीनंही मला मारलं नाही. पहिलीही दिवाळीनं नाही मारली, मीच मारली.

शेजारणीनं दीड वर्ष घमेलं वाहिलं. नंतर मशीन घेतली, नवी, पुऱ्या स्वतःच्या पैशांनी. आमच्या ओळीतल्या बायांचे सगळे झंपर तीच शिवायची. तिची मान कायमची आखडली होती. वर पाहायचं असलं की ती पूर्ण कंबरेतून मागे झुकायची. माझ्याशी ती बोलायची. भाजी पाठवायची. माझ्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला वाढायला तीच होती. मी एकदा माफी मागायला गेलो तेव्हा तिनं माझ्यासाठी पाट ठेवला, पाणी दिलं आणि म्हणाली, "पैसे तं कवाचेच फिटले भाऊ."

पैसे फिटले होते. पण त्या भाऊबीजेनंतर तिनं मला परत ओवाळायला कधी बोलावलं नाही. मी पुढची कितीतरी वर्षं त्या दिवशी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दुपारपर्यंत घरी बसायचो. शेजारीच तिचं दार. ते उघडंच असायचं, आणि आतून मशीनचा आवाज यायचा.